ब्लोअर ३६-३८ हर्ट्झलाच का नाचतोय? खाली रबर टाकलं तर अजून वाढलं

उद्यमनगरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. जरा अडचण हाय, इथं मेकॅनिकलवाले बरेच दिसतात म्हणून लिहितोय. आमचं छोटं फेटलिंगचं शेड आहे, फौंड्रीतनं आलेले जॉब घासून साफ करून द्यायचे एवढंच काम. ग्राइंडिंगची धूळ ओढायला डस्ट कलेक्टरचा ब्लोअर आहे, साडेसात एचपी, १४४० आरपीएमची मोटर, इंपेलर (आतलं पात्यांचं चाक) डायरेक्ट मोटरच्या शाफ्टवर, बेल्टबिल्ट काय नाही. खाली फरशीवर होता तोवर कसला म्हणून त्रास नव्हता. जागा कमी पडायला लागली म्हणून दिवाळीनंतर फॅब्रिकेटरकडनं चॅनेलचा माळा करून घेतला, चार पायांवर, दहा फूट उंच असेल, आणि ब्लोअर वर चढवला.

तिथनं खेळ सुरू झाला. व्हीएफडी आहे, म्हणजे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करायचा ड्राइव्ह. ३० ला लावला तर गपगार. ५० ला लावला तरी बऱ्यापैकी गप. पण ३६ ते ३८ च्या मधी आणला की अख्खा माळा असा नाचतोय की खालनं जायची भीती वाटते, वर ठेवलेला पाना सरकत सरकत कडेला येतो. आणि आमचं काम नेमकं त्याच्या आसपासच असतंय, कारण ५० ला नको तेवढी हवा ओढतो आणि लाईटबिल बघून वडील माझ्याकडं बघतात.

फिटर म्हटला बॅलन्सिंग गेलंय. बॅलन्सिंगवाला आला, ३७ ला चालवून वजन लावलं, परत चालवलं तर मीटर भलताच अँगल दाखवायला लागला, पुन्हा वजन हलवलं तर अजून तिसरीकडंच, दुपारपर्यंत हेच. शेवटी "इंपेलरच खराब आहे" म्हणून निघून गेला. मग शेजारच्या शेडच्या मामांनी सांगितलं की खाली रबर टाक, सगळं गिळून टाकतंय. जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचे तुकडे टाकले चार बोल्टांखाली. पूर्वी ३४ ला चालवून कसंतरी भागवत होतो, आता ३२ पासनंच सुरू होतंय आणि ३४ ला तर विचारूच नका.

जोरात फिरवलं की कमी हलतंय आणि मधल्या स्पीडला जास्त, हे उलटं कसं काय? आणि रबरानं वाढलं कसं? माळा उतरवायचा का आता?

तांबडा_पांढरा

भावा माळा बिळा उतरवू नको. व्हीएफडीत स्किप फ्रिक्वेन्सी नाहीतर जंप फ्रिक्वेन्सी म्हणून पॅरामीटर असतंय, जवळपास सगळ्या ड्राइव्हला असतंय, मॅन्युअल उघडून बघ. ३५ ते ३९ त्यात टाकायचं. ड्राइव्ह मग त्या पट्ट्यात थांबतच नाही, चढताना-उतरताना पटकन ओलांडून जातंय. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. पण पहिलं ते रबर काढ.

उद्यमनगरचा_पोरगा

हे माहीतच नव्हतं दादा, धन्यवाद. पण मला ३६-३७ च पाहिजे असतंय ना बऱ्याच जॉबला, तिथंच उडी मारली तर उपयोग काय.

शिरोली_मेंटेनन्स

फौंड्रीत मेंटेनन्सला आहे, असले ब्लोअर रोजचेच. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका.

पहिली गोष्ट, डिस्प्लेवरचे ३७ हर्ट्झ हे करंटचे. तुमची मोटर चार पोलची, म्हणजे ५० ला १४४०, तर ३७ ला साधारण १०६५ आरपीएम. ६० नं भागा, सेकंदाला १७.८ फेरे. इंपेलरमधला जो काय थोडाफार असमतोल आहे तो माळ्याला सेकंदाला १७.८ वेळा ढकलतोय. आता तुमच्या माळ्याला त्याची स्वतःची एक चाल आहे, बंद असताना धक्का मारून सोडला तर तो ज्या वेगानं हलंल ती. ती चालही १७.८ च्या आसपास निघाली की झालं काम. रुतलेली उसाची ट्रॉली काढताना ड्रायव्हर पुढं-मागं पुढं-मागं झोका देतोय बघा, ट्रॉली मागं येऊन परत पुढं निघाली की त्याच वेळेला रेटा, जोर तेवढाच पण टायमिंग जुळलं की प्रत्येक खेपेला थोडं थोडं साठत जातंय. तसंच.

"जोरात फिरवलं की कमी हलतंय" यातच तुमचं उत्तर आहे खरं तर. असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ३७ वरनं ५० ला गेलात की जोर जवळजवळ १.८ पट झाला. नुसतं बॅलन्सिंग गेलं असतं तर ५० ला सगळ्यात जास्त हलायला पाहिजे होतं. तसं होत नाही, मधेच उंचवटा येतो आणि पुढं उतरतो, म्हणजे रेझोनन्स. अजून एक पारख, ५० ला चालू असताना मोटर बंद करा, आणि फ्री कोस्टला ठेवा, ड्राइव्हनं ब्रेक मारायला नको. आपोआप वेग उतरताना मधेच एकदम थरथराट येऊन निघून गेला तर शंकाच नको.

बॅलन्सिंगवाल्याचं पण तेच झालं. ढकलणारा आणि हलणारा यांच्यात अंतर असतं, ज्याला फेज म्हणतो. वेग खूप कमी असताना दोघं बरोबर हलतात, रेझोनन्सवर हलणं पाव फेरी मागं पडतं, त्याच्या बरंच वर गेलं की अर्धी फेरी मागं, म्हणजे पार उलटं. आणि हा सगळा बदल रेझोनन्सच्या आसपासच्या एवढ्याशा पट्टीत होतो. ३७ ला मोजताना वेग अर्धा हर्ट्झ इकडं तिकडं झाला तरी अँगल कुठल्या कुठं जाणार, मीटर बिचारा काय करंल. बॅलन्सिंग ५० ला करायला सांगायचं होतं, नाहीतर खाली पक्क्या फरशीवर. इंपेलर खराब वगैरे काही नसणार, फारतर पात्यांवर धूळ चिकटली असंल, ती मात्र खरवडून काढा, त्यानंही असमतोल येतो.

आता रबर. रबर टाकलं म्हणजे कंपन "गिळतंय" हा गैरसमज सगळ्या उद्यमनगरात आहे, मामांचा दोष नाही. रबर हा आधी स्प्रिंग आहे आणि मग थोडासा डॅम्पर, म्हणजे हलणं जिरवणारा आहे. माळ्याच्या स्प्रिंगला तुम्ही अजून एक स्प्रिंग मालिकेत जोडली, सगळं मिळून मऊ झालं, चाल खाली आली. ३३ च्या आसपास उंचवटा आला असेल तर हिशेब बघा, ३३ ला ९५० आरपीएम, १५.८ फेरे. म्हणजे १७.८ वरनं १५.८. आधी ३४ ला तुम्ही उंचवट्याच्या अलीकडं होता, आता उंचवटाच तुमच्याकडं चालत आला.

आयसोलेशनचा, म्हणजे मशीनचं कंपन खाली जाऊ न देण्याचा नियम असा की फिरण्याचा वेग हा माउंटिंगच्या स्वतःच्या चालीच्या १.४१ पटीच्या वर गेला तरच खाली जाणारा जोर कमी व्हायला सुरुवात होते, त्याच्या खाली असाल तर उलट वाढतो. नीट उपयोग पाहिजे तर अडीच-तीन पट तरी. तुमचे १७-१८ फेरे, म्हणजे माउंटिंग ६ हर्ट्झचं पाहिजे, आणि त्यासाठी ब्लोअर ठेवल्यावर ते ७ मिलिमीटर तरी दबलं पाहिजे. कन्व्हेअरचा पट्टा एवढा दबतोय का? केसभर पण नाही. तिथं स्प्रिंग माउंट लागतात. तेसुद्धा हलणाऱ्या माळ्यावर टाकले की कागदावर दिसतात तेवढे काम करत नाहीत.

तर आधी मोजा. माळ्याची चाल किती, कुठल्या दिशेला हलतोय आडवा का उभा, आणि किती वेळात शांत होतोय. मग सांगतो काय जोडायचं ते.

उद्यमनगरचा_पोरगा

बापरे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. मोजायचं कशानं? व्हायब्रेशन मीटर आमच्याकडं नाही.

शिरोली_मेंटेनन्स

मोबाईलनं. फायफॉक्स म्हणून फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं काढलेलं, त्यात ॲक्सिलरेशनचा स्पेक्ट्रम दिसतो, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती हलतंय त्याचा ग्राफ. मोबाईल ब्लोअरच्या बेसवर दुहेरी टेपनं घट्ट चिकटवा, सुटा ठेवू नका. सगळं बंद ठेवून लाकडी ठोकळ्यानं माळ्याला आडवा एक दणका, मग दुसऱ्या दिशेनं, मग वरनं. हातोडी नको, नुसता टणत्कार येईल आणि खालची चाल दिसणारच नाही. मोबाईलचा सेन्सर सेकंदाला १०० नोंदी घेत असला तर ५० हर्ट्झच्या खालचंच बघा, त्यावरचं खरं नसतंय. आपल्याला तेवढं पुरतंय.

केआयटी_नाही_केलं

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मधेच बोलतोय सॉरी. हे म्हणजे अमेरिकेतल्या टॅकोमा ब्रिजसारखंच झालं ना? वाऱ्याची फ्रिक्वेन्सी आणि पुलाची फ्रिक्वेन्सी जुळली आणि पूल पडला. आमच्या नोट्समध्ये रेझोनन्सचं उदाहरण म्हणून तेच दिलंय.

निवृत्त_मास्तर

नोट्समध्ये असेल, बरीच पुस्तकंही तेच छापत आली. पण ७ नोव्हेंबर १९४० ला टॅकोमाचा पूल पडला तेव्हा वारा ताशी ६५-७० किलोमीटरच्या घरात, बऱ्यापैकी एकसारखा वाहत होता, पूल सेकंदाला ०.२ वेळा पिळवटत होता, म्हणजे एका हेलकाव्याला पाच सेकंद. त्या चालीनं ढकलणारं वाऱ्यात काही नव्हतं. पूल स्वतःच पिळला की वाऱ्याचा कोन बदलायचा, कोन बदलला की वारा त्याला अजून पिळायचा. म्हणजे पुलाची हालचालच वाऱ्यातनं ऊर्जा ओढून घेत होती. याला फ्लटर म्हणतात. साध्या भाषेत डॅम्पिंग ऋण झालं, हलणं कमी व्हायच्या ऐवजी आपोआप वाढत गेलं. या ब्लोअरच्या माळ्याची गोष्ट वेगळी, इथं बाहेरनं ठराविक चालीनं ढकलणारा इंपेलर आहे, तो बंद केला की सगळं शांत. परीक्षेत मात्र विचारलं तर आधी मास्तर कोण आहेत ते बघून उत्तर लिही.

तुला उदाहरण पाहिजेच असेल तर लंडनचा मिलेनियम पूल घे. १० जून २००० ला उघडला, लोक चालायला लागले आणि पूल आडवा डुलायला लागला, सेकंदाला एक हेलकावा किंवा त्याहूनही सावकाश. आता माणूस चालताना एकदा डावीकडं एकदा उजवीकडं रेटा देतो त्याची चालही तीच. आणि पूल डुलायला लागला की लोक तोल सावरायला पाय फाकवून त्याच्याच तालात टाकायला लागले. दोन दिवसांत बंद केला. लोकांची चाल बदलता येत नाही, पूल जाडजूड केला तर त्याचं रूप जातं, मग उरलं डॅम्पिंग. ३७ द्रवाचे डॅम्पर बसवले, शिवाय ट्यून केलेली वजनं, आणि फेब्रुवारी २००२ ला परत उघडला.

तांबडा_पांढरा

मग मास्तर, आपल्या शिवाजी पुलावरनं मिरवणूक डॉल्बी लावून गेली तर काय व्हायचं?

निवृत्त_मास्तर

त्या दगडी कमानी आहेत बाळा, वजनदार आणि ताठ, त्यांना तुझ्या डॉल्बीचं काही पडलेलं नाही. तुझ्या खिडकीची काच मात्र वाजते, आणि तीही सगळ्या गाण्याला नाही, ठराविक एका बासला. तिथं खिडकीच्या चौकटीतली वाळलेली लांबी काढून नवीन भर, कड घट्ट बसली की काचेची चाल वर सरकते आणि लांबीच्या घर्षणात थोडं मुरतंही. कानाचं काय करायचं ते बाकी तुझं तू बघ.

उद्यमनगरचा_पोरगा

मोजलं बरं का. रविवारी शेड बंद होतं तेव्हा.

रबर असताना आडवं (ब्लोअरच्या तोंडाच्या दिशेनं) दणका मारला तर १५.७ हर्ट्झला (सेकंदाला हेलकावे) उंच टोक आलं. रबर काढून बोल्ट आवळून परत मारला तर १७.९. तुम्ही मोबाईल न बघता सांगितलेला आकडा तोच आला राव, नादखुळा. दुसऱ्या आडव्या दिशेला २६, त्या बाजूला माळ्याची एक पट्टी शेडच्या कॉलमला वेल्ड केलेली आहे म्हणून असंल. वरनं मारल्यावर ४० च्या वर काहीतरी दिसतंय, बारीक.

शांत व्हायला लई वेळ लागतोय. ग्राफ ताणून मोजला तर निम्मं व्हायला ९ हेलकावे.

आणि अजून एक विचारायचं होतं, आमच्या ओळखीच्या फौंड्रीत कास्ट आयर्नचा बेस ओतून मिळतोय स्वस्तात. कास्ट आयर्न कंपन मारतं म्हणतात, लेथचे बेड म्हणूनच त्याचे असतात. चॅनेल काढून तो टाकला तर?

शिरोली_मेंटेनन्स

मस्त मोजलंत. ९ हेलकाव्यात निम्मं म्हणजे डॅम्पिंग रेशो ०.११ भागिले ९, सव्वा टक्क्याच्या आत. वेल्ड केलेल्या लोखंडी सांगाड्याला असंच असतंय. याचा अर्थ रेझोनन्सवर हलणं ४० पट. म्हणजे इंपेलरचा जो जोर नुसता स्थिर लावला असता तर माळा केसाच्या दहाव्या भागाएवढा सरकला असता, तिथं तो चार केसांएवढा हलतोय.

कास्ट आयर्नचं. ग्रे आयर्न कंपन मारतं हे खरं, आत ग्रॅफाईटच्या पाकळ्या असतात, त्यांच्या कडेकडेनं घर्षण होऊन ऊर्जा मुरते, स्टीलपेक्षा कितीतरी पटीनं जास्त. म्हणून तर फौंड्रीत ग्रे आयर्नचा जॉब ठोकला की थड् वाजतो आणि एसजी आयर्नचा टण्ण. ग्रॅफाईट गोळ्यांसारखं झालं की आवाज रेंगाळतो, आमचे जुने मिस्त्री नुसतं ठोकून एसजी नीट झालंय का सांगतात. पण तुमच्या केसमधी वाकतंय काय? पाय वाकताहेत. वर तुम्ही कसला पण बेस टाका, तो अख्खाच्या अख्खा एक ठोकळा म्हणून आडवा सरकणार, त्यात आत काही वाकतच नाही तर पाकळ्या घासणार कुठनं. डॅम्पिंग जिथं वाकतंय तिथं पाहिजे. बेसनं फक्त वजन वाढंल, वजन दुप्पट झालं तर चाल १७.९ वरनं १२.७ ला उतरंल आणि पायांवर नसता बोजा. ओतून घेऊ नका.

तुमचा माळा म्हणजे टेबल आहे, चार पाय आणि वर फळी, तिरकं एक पण काही नाही. पायांच्या मधी तिरके अँगल मारा, गुणाकाराच्या खुणेसारखे, १७.९ आलं त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना. चाल ही ताठपणाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते, म्हणजे १८ वरनं २९ ला न्यायची (५० ला इंपेलरचे २४ फेरे होतात, त्याच्या बरीच वर) तर ताठपणा २.६ पट पाहिजे. उघड्या टेबलाला तिरके अँगल मारल्यावर त्याहून जास्तच मिळतो, कारण पाय वाकायच्या ऐवजी आता अँगल ताणला-दाबला जातो. अँगल चॅनेलच्या जोडाजवळ, गसेट प्लेट (कोपऱ्यातली जोडपट्टी) लावून जोडा, पायाच्या मधेच कुठंतरी नेऊन चिकटवला तर पाय तिथनं वाकणारच. आणि जमिनीत पायांच्या बेसप्लेटचे अँकर बोल्ट बघा, निम्म्या शेडांत ते ढिले असतात आणि सगळे वरती शोधत बसतात.

डक्ट ब्लोअरला सरळ बोल्टनं जोडली असेल तर मधे कॅनव्हासचा तुकडा टाका.

तांबडा_पांढरा

मी म्हणतो वाळूची पोती टाका माळ्यावर, आमच्याकडं जनरेटरला टाकली होती, गप झाला.

शिरोली_मेंटेनन्स

जनरेटर जमिनीवर असंल. दहा फुटांवर पोती ठेवायची म्हंजे खालचा माणूस आणि फॅब्रिकेटरचं वेल्डिंग दोघांवर लईच विश्वास पाहिजे. वाळू ऊर्जा मुरवते हे खरं, बंद पाइपच्या पायात कोरडी वाळू भरतात त्याचं कारण तेच. चॅनेलच्या उघड्या पायात कुठं भरणार?

उद्यमनगरचा_पोरगा

अँगल मारतोच. अँकरचे दोन बोल्ट खरंच हातानं फिरले, लाज वाटली. ते आवळले, केमिकल टाकून परत बसवणार आहे. दुसऱ्या दिशेला २६ आहे तिथं काही करायला नको ना? तिकडं सध्या काही त्रास नाही.

निवृत्त_मास्तर

करायला पाहिजे. ५० ला चालवता तेव्हा इंपेलर सेकंदाला २४ फेरे मारतो, आणि २६ त्याच्या अगदी अंगाला आहे. तिथं हलणं सहा-सात पट होत असणार. आत्ता ते जाणवत नाही कारण इंपेलर बऱ्यापैकी समतोल आहे आणि ३७ च्या नाचापुढं बाकी सगळं गोडच वाटतं. उद्या पात्यांवर धूळ साठली किंवा ती एक वेल्ड केलेली पट्टी तडकली की २६ खाली सरकून बरोबर २४ वर येऊन बसेल. आणि ती पट्टी तडकणार, कारण त्या दिशेचा सगळा भार ती एकटी झेलतेय, शिवाय शेडचा कॉलमही हलवतेय. त्या दोन्ही बाजूंनाही तिरके अँगल मारा आणि पट्टीचं वेल्ड एकदा भिंगातनं बघा. वेल्डच्या कडेला केसासारखी गंजकट रेघ दिसली तर ती चीर समजा.

काम झाल्यावर चारी बाजूंनी परत दणके मारून आकडे इथं टाका. कुठलाही आकडा २८-२९ च्या खाली राहिला असेल तर अजून एक अँगल लागेल.

उद्यमनगरचा_पोरगा

रेघ आहे मास्तर. पट्टीच्या वरच्या टोकाला, बोटाच्या पेराएवढी. ब्लोअर बंद करून ठेवलाय, फॅब्रिकेटरला फोन केलाय, तो म्हणतोय गुरुवारी येतो.

शिरोली_मेंटेनन्स

गुरुवारपर्यंत चालवू नका. त्याला नुसतं वरनं वेल्ड फिरवून देऊ नका, चीर ग्राइंडरनं मुळापर्यंत खोदून मग भरायला सांगा. आधी तिरके अँगल, मग पट्टी, हा क्रम ठेवा.